खाद्यातील सोमल आणि अतिनील प्रकाश

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आंत्वान बेशाँ या फ्रेंच रसायनज्ञाने ॲनिलीन आणि आर्सेनिक आम्ल यांपासून आर्सानिलिक आम्ल सिद्ध केले, तेव्हा हे द्रव्य पुढे पशुपक्ष्यांच्या खाद्यात मिसळले जाईल, अशी कल्पनाही कोणाला शिवली नसेल. निद्रारोगाने पीडित झालेल्या पूर्व आफ्रिकेत जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने 1906-07 मध्ये त्याचा प्रयोग केला, आणि काही रोगी त्यापायी दृष्टीला मुकले. 1907 मध्येच जर्मन संशोधक एर्लिख आणि बेर्टहाइम यांनी त्याची खरी संरचना निश्चित केली, आणि त्या संशोधनातूनच उपदंशावरील साल्व्हार्सन हे औषध जन्मास आले.

पेनिसिलीन आल्यावर मानवी वैद्यकातून सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, ही संयुगे मागे हटली. कुक्कुटपालनाने मात्र त्यांना आश्रय दिला. त्यांपैकी रॉक्सार्सोनला अमेरिकेत 1944 मध्ये मंजुरी मिळाली. टनभर खाद्यात 22.7 ते 45.4 ग्रॅम एवढ्या अल्प मात्रेने रक्ती हगवण आटोक्यात राही, पिलांचे वजन झपाट्याने वाढे आणि मांसाला रंग चढे; शिवाय औषधाचा बहुतांश पक्ष्याच्या शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडतो, हा त्याच्या निर्धोकपणाचा दाखला मानला गेला. बाहेर पडलेले औषध कोठे जाते, याचा जमाखर्च मात्र दीर्घकाळ नीट मांडला गेला नाही, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत गंभीर चूक हीच होय. कोंबडीखतातील जिवाणू त्या संयुगाचे अधिक विषारी अशा असेंद्रिय आर्सेनिकात रूपांतर करीत, आणि ते खत शेतोशेती पसरे. युरोपीय संघाने 1999 मध्ये खाद्यातील अशा संयुगांवर बंदी घातली. अमेरिकेत 2011 मध्ये कोंबड्यांच्या यकृतात असेंद्रिय आर्सेनिक आढळल्यावर रॉक्सार्सोनची विक्री थांबली आणि 2013 मध्ये मंजुरी रद्द झाली. चीनमध्ये हा वापर 2019 मध्ये संपुष्टात आला.

ही संयुगे घेऊन गोठ्या-खुराड्यांतून वाहणाऱ्या सांडपाण्याच्या शुद्धीसाठी संशोधक ज्या अतिनील प्रकाशाकडे वळले, त्याचा पाण्याशी संबंध जुनाच आहे: मार्सेय येथे 1910 मध्ये पाऱ्याच्या बाष्पदिव्यांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यात आले होते. तशाच दिव्याच्या 254 नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी या संयुगांतील कार्बन आणि आर्सेनिक यांचा बंध तुटतो; उन्हातही हे घडते, परंतु सांडपाण्यातील इतर सेंद्रिय द्रव्ये प्रकाश शोषून घेत असल्याने हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा लोहक्षार यांची जोड द्यावी लागते. तथापि आर्सेनिक हे मूलद्रव्य. कोणत्याही प्रकाशाने त्याचा नाश होत नाही. बंध तुटताच जे मोकळे होते, ते मूळ संयुगाहून अधिक घातक ठरू शकते, म्हणून त्यातील आर्सेनाइटचे कमी विषारी आर्सेनेट करून ते लोहाच्या साक्यात बांधून घ्यावे लागते. हा साका गाळून त्याचा सुरक्षित बंदोबस्त करण्याची तजवीज ज्या योजनेत नसेल, ती कितीही तेजस्वी दिव्यांची असली तरी सरकारने मंजूर करू नये.