हिंग आणलाय का?

आचारी दोन तऱ्हेचे. एक, यादीतला हिंग आल्याशिवाय चूल पेटवत नाही. दुसरा लगेच आधण ठेवतो आणि पंगत बसल्यावर विचारतो, “काका, हिंग कुठाय?”

संगणकाच्या भाषांचंही तेच. १९६० च्या सुमाराची कोबोल पहिल्या वळणाची. कुठला जिन्नस, किती आकडी, सगळं आधी लिहून द्या. कंपायलर अख्खं वाचून चुका काढणार, मगच काम. १९९५ ची जावास्क्रिप्ट दुसऱ्या वळणाची. ब्रेंडन आइक ह्यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत रांधला! लिहा नि चालवा. घरगुती मुंजीला झकास. पण अक्षरांतले ५ आणि आकडा १ मिळवून बाई बिनदिक्कत ५१ सांगतात. लिहिणारा नोकरी सोडून गेला, की मागून येणाऱ्यानं डबे हुंगत बसायचं: मीठ की साखर? अखेर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट काढून डब्यांना चिठ्ठ्या लावल्या.

कोबोलचे प्रोग्रॅम मात्र दशकानुदशकं टिकले. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणारे स्वयंसेवक जाहीरपणे मागितले. यादी होती हो. ती वाचणारे शोधावे लागले.