दप्तराची आगाऊ तजवीज

ज्या खडकीस मलिक अंबराने 1610 साली राजधानीचे रूप देण्यास आरंभ केला, त्या आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या मुलखात जमिनीची पाहणी व प्रतवारी करून मगच धारा कायम करण्याची रीत त्याने घातली, आणि पुढे मोगल अमलात मुर्शिद कुली खान या दिवाणाने ती अधिक काटेकोर केली. आधी नोंद, मग वसूल, हा तो क्रम होय.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडविताना हाच क्रम स्वीकारला: आधी नोंद, मग मजकूर. प्रत्येक फाइलीचा मालक, परवानगी, आकार, तारखा आणि मजकुराचे ठिकाण ज्या नोंदीत असते, ती आयनोड. फाइलीचे नाव मात्र तिच्यात नसते, ते निर्देशिकेत राहते. लिनक्सच्या एक्स्ट-2 (1993) पासून एक्स्ट-4 पर्यंतच्या फाइल-व्यवस्थांत या नोंदींचे प्रमाण त्या विभागावर उभारतानाच मुक्रर होते आणि मागाहून बदलत नाही. सामान्यतः दर 16 किलोबाइटांस एक, या हिशेबाने एक टेराबाइटाच्या तबकडीवर सुमारे 6.7 कोटी नोंदी होतात, आणि प्रत्येकी 256 बाइटांप्रमाणे त्याच 16 गिगाबाइट जागा अडवितात. जुन्या मोडी कागदांच्या मोठ्या प्रतिमांसाठी हा खर्च मला उधळपट्टीच वाटतो, तेथे 64 किलोबाइटांस एक नोंद पुरेशी आहे. उलट लक्षावधी चिमुकल्या पत्रांच्या साठ्यात नोंदी संपतात आणि जागा रिकामी असूनही यंत्रणा नवी फाइल नाकारते. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेने गरजेनुरूप नोंदी निर्माण करून ही अट सैल केली.