दंगल, कत्तल आणि एक पाटी

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात रेड नदीच्या काठी कोलफॅक्स नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या कोर्टाच्या आवारात १९५० मध्ये राज्य सरकारने एक पाटी उभारली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशाला त्या जागेचा इतिहास कळावा, म्हणून अमेरिकेत रस्त्याकडेला अशा हजारो पाट्या लावलेल्या असतात. एखाद्या लढाईची, गावाच्या पहिल्या शाळेची, कुठल्याशा गव्हर्नरच्या जन्मस्थळाची. कोलफॅक्सच्या पाटीवर दोनच वाक्ये होती. मराठीत ती साधारण अशी होतील: ‘या जागी कोलफॅक्सची दंगल घडली, तीत तीन गोरे व १५० निग्रो ठार झाले. १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतील उपऱ्यांच्या गैरकारभाराचा अंत झाला.’

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे मजकूर वाचताना मन आपोआप शब्दांना प्रतिशब्द शोधू लागते. या पाटीचा फोटो पाहताना तेच झाले. इंग्रजीत जे वाक्य सरकारी, निरुपद्रवी वाटते, ते मराठीत आणताना प्रत्येक शब्दापाशी अडते. ते का अडते, हे सांगायचे तर आधी त्या दिवशी तिथे काय झाले ते सांगायला हवे.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकी घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या: गुलामगिरीची बंदी, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण, आणि वंशाचा विचार न करता मताचा हक्क. दक्षिणेतल्या राज्यांत काळे पुरुष पहिल्यांदा मतदान करू लागले, निवडून येऊ लागले. या कालखंडाला ‘पुनर्रचना’ म्हणतात. त्याच काळात, १८६९ मध्ये, लुईझियानात ग्रँट पॅरिश हा नवा प्रांत आखला गेला. इतर राज्ये ज्याला काउंटी म्हणतात, त्याला लुईझियानात पॅरिश म्हणतात. फ्रेंच-स्पॅनिश कॅथलिक अमलाचा तो अवशेष. पॅरिशला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे नाव मिळाले आणि मुख्य गावाला उपराष्ट्राध्यक्ष कोलफॅक्स यांचे. गाव वसले ते कॅलहून घराण्याच्या मळ्यांवर. एकेकाळी तिथे शेकडो गुलाम राबत. कोर्टाची इमारतही त्या मळ्यावरचा जुना तबेलाच होता.

१८७२ मध्ये लुईझियानात गव्हर्नरपदाची निवडणूक झाली आणि दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे जाहीर केले. रिपब्लिकन केलॉग आणि त्यांचे विरोधक मॅकेनरी, दोघांनीही शपथ घेतली. गावोगावी दोन-दोन न्यायाधीश, दोन-दोन शेरीफ झाले. मार्च १८७३ च्या अखेरीस रिपब्लिकन अधिकाऱ्यांनी कोलफॅक्सच्या कोर्टाचा ताबा घेतला. गोरे सशस्त्र लोक जमू लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या तशी आजूबाजूची काळी कुटुंबे गावात आसऱ्याला आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेसी मॅकिनी नावाच्या काळ्या शेतकऱ्याला तो आपल्या घरापाशी कुंपण दुरुस्त करत असताना गोळी घातली गेली. मग पुरुषांनी कोर्टाभोवती चर खणले.

१३ एप्रिल हा ईस्टरचा रविवार होता. ख्रिस्तोफर कोलंबस नॅश हा दक्षिणेच्या सैन्यातला माजी अधिकारी. आपणच खरा शेरीफ, असा त्याचा दावा. तो घोडेस्वारांची फौज आणि एक छोटी तोफ घेऊन आला. बायकामुलांना निघून जायला थोडा वेळ दिला गेला. तोफेपुढे चर टिकला नाही. काही जण नदीकडे, झाडीकडे पळाले, बाकीचे कोर्टात शिरले. इमारतीला आग लावण्यात आली. बाहेर येणाऱ्यांपैकी अनेकांना तिथेच मारले. उरलेल्यांना कैद केले आणि रात्री त्या कैद्यांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. लीव्हाय नेल्सन गोळी लागूनही वाचला आणि पुढे न्यायालयात साक्षीला उभा राहिला. एकूण किती मेले याचे आकडे साठापासून दीडशेपर्यंत जातात. गोरे मेले तीन.

आता पाटीकडे परत येऊ. पहिला शब्द ‘दंगल’. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक गावजत्रेतली कुस्त्यांची दंगल: हलगी, लाल माती आणि जोडीला जोड लावलेले दोन मल्ल. दुसरा अर्थ जाळपोळ-हाणामारीचा. पण या दुसऱ्या अर्थातही पहिल्याची सावली राहते, दोन बाजू होत्या, दोघे भिडले, अशी. शस्त्र खाली ठेवलेल्या कैद्याला रात्री शेतात नेऊन मारणे यात कुस्ती कुठे आली? त्याला मराठीत शब्द आहे: कत्तल. इंग्रजीतही होता. पाटी लिहिणाऱ्याने तो घेतला नाही.

राज्यकर्ते कशाला काय म्हणतात, हे मराठी वाचकाला नवीन नाही. १८५७ ला आपल्या आजोबा-पणजोबांची पुस्तके ‘शिपायांचे बंड’ म्हणत. कोलफॅक्सनंतर दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली. जीवितहानी फारशी झाली नाही, रोख होता कागदांवर. सरकारदप्तरी त्याचे नाव पडले ‘दख्खनचे दंगे’. कर्जाचे कागद जाळणाऱ्या कुणब्याच्या कृतीला आणि कैद्यांना मारणाऱ्या नॅशच्या कृतीला इंग्रजीत एकच शब्द पुरला. सुप्यात त्या शब्दाने गुन्हा मोठा केला, कोलफॅक्समध्ये लहान.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘ठार झाले.’ मराठी या बाबतीत फार नेमकी आहे. मरणे वेगळे, मारणे वेगळे. ‘माणसे मेली’ म्हटले की पूर, साथ, अपघात काहीही चालते. ‘माणसे मारली’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी? इंग्रजीच्या कर्मणी प्रयोगात हा प्रश्न सहज गिळला जातो. पाटीवर मारणारा कुठेच नाही. नॅश नाही, तोफ नाही. तीन आणि दीडशे हे आकडे एका वाक्यात शेजारी ठेवले आहेत, जणू एकाच अपघातातले.

तिसरा शब्द मी ‘उपरे’ असा केला. मूळ शब्दात गालिच्याच्या कापडाची पिशवी आहे. युद्धानंतर उत्तरेकडून एवढीच पिशवी घेऊन दक्षिणेत आलेले, तिथे सत्ता आणि पैसा कमावणारे लोक, असा त्या शिवीचा रोख. आपल्याकडे ‘उपरा’ म्हटले की हाच वास येतो. पण कोर्टाच्या आवारात मेलेले बहुतेक लोक उपरे नव्हते. याच नदीकाठच्या मळ्यांत ते गुलाम म्हणून राबले होते, तिथेच आता मजुरी आणि शेती करत होते. त्या जमिनीला त्यांच्याइतके जवळचे कोणी नव्हते. ‘उपऱ्यांचा अंत झाला’ असे लिहिताना पाटीने दीडशे माणसे मोजली आणि पुढच्याच वाक्यात त्यांना गावातून हद्दपार केले.

या पाटीहून आधीचा एक मजकूर त्याच गावात आहे. १९२१ मध्ये तिथल्या स्मशानभूमीत संगमरवरी स्तंभ उभारला गेला. मेलेल्या तीन गोऱ्यांची नावे त्यावर कोरली, त्यांना वीर म्हटले आणि ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले असे स्पष्ट लिहिले. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण भाषांतर करायला हा मजकूर सोपा आहे. त्यात काही लपवलेले नाही. कोण, कशासाठी, सारे जागेवर. १९५० ची पाटी त्यापेक्षा सभ्य आहे आणि म्हणूनच जास्त घातक. वर्चस्व हा शब्द गेला, त्या जागी ‘गैरकारभाराचा अंत’ आला. स्तंभ एका गटाची फुशारकी होती, पाटीवर सरकारचा शिक्का होता. फुशारकीशी वाचणारा भांडू शकतो. सरकारी पाटी तो माहिती म्हणून वाचतो आणि गाडी पुढे नेतो.

पाटीचे दुसरे वाक्य मात्र सरळ खोटे म्हणता येत नाही. केंद्र सरकारने हल्लेखोरांपैकी जवळपास शंभर जणांवर आरोप ठेवले. पकडता आले थोडे, खटला चालला नऊ जणांवर. न्यू ऑर्लिन्समध्ये सरकारी वकील जेम्स बेकविथ यांनी तो चालवला. दोन खटल्यांनंतर तिघे दोषी ठरले, तेही खुनासाठी नव्हे, नागरिकांचे हक्क हिरावण्याच्या कटासाठी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १८७६ मध्ये सरन्यायाधीश वेट यांनी निकाल दिला: चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही. एका नागरिकाने दुसऱ्याला मारले तर ते पाहणे राज्याचे काम. तिघे सुटले. विल्यम क्रुकशँक हा त्यांतला एक. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल त्याच्या नावाने ओळखतात. ज्यांना मारले त्यांची नावे त्या मानाने कोणाला ठाऊक नाहीत.

दक्षिणेतल्या राज्यांना हा इशारा पुरेसा होता. नॅशच्या माणसांतून १८७४ मध्ये ‘व्हाइट लीग’ ही सशस्त्र संघटना उभी राहिली आणि राज्यभर पसरली. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या सरकारांचा लष्करी आधार काढून घेतला. अंत खरोखरच झाला. पण तो गैरकारभाराचा नव्हता, काळ्या माणसाच्या मताला असलेल्या संरक्षणाचा होता. पाटीला घटनेचे महत्त्व बरोबर कळले होते. तिने फक्त ते विजय म्हणून नोंदवले.

१८७३ हे साल मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने माहीत असते. महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ त्याच वर्षी निघाले. निग्रो गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले. शूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. ती आशा आणि कोलफॅक्सची राख एकाच वर्षातली. यामुळे फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी ठरत नाही. कायद्याने मुक्ती मिळाल्यावर ती हिरावून घ्यायला कोण आणि कसे येते, हा पुढचा प्रश्न त्या वर्षी तिथे विचारला गेला. आपल्याकडे तो नंतर, वेगवेगळ्या गावांत विचारला गेला आहे.

मे २०२१ मध्ये कोर्टाच्या आवारातली पाटी काढली. एकाहत्तर वर्षे ती तिथे होती. १३ एप्रिल २०२३ रोजी, दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, गावात काळ्या ग्रॅनाइटचे नवे स्मारक उभे राहिले. त्यासाठी झटणाऱ्यांत जेसी मॅकिनीचा एक वंशज आहे आणि हल्लेखोरांपैकी एकाचाही. त्यावर मारल्या गेलेल्या सत्तावन्न काळ्या माणसांची नावे आहेत, जेवढी निश्चित करता आली तेवढी. १९२१ च्या दगडावर तीन नावे होती. १९५० च्या पाटीवर एकही नव्हते, फक्त आकडे. आता सत्तावन्न.

मी ती नावे देवनागरीत लिहून काढली. नावांचे भाषांतर होत नाही, उच्चार तेवढा जपावा लागतो. घटनेचे नाव मात्र भाषांतरात निवडावेच लागते. दंगल लिहायचे की कत्तल, हे मराठी वाक्यात एका शब्दाने ठरते, आणि तो शब्द लिहिला की पुढचे क्रियापदही ठरते. दंगल होते. कत्तल कोणीतरी करतो.