तोळ्याचे माप आणि रोग्याची गरज

मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे वऱ्हाडातील जुन्या नावलौकिकाचे गाव होय. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा ह्याने तेथील किल्ल्यास हात घातला आणि एलिचपूरच्या इस्माइलखानाने १७५७ साली तो पुरा केला. नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री अजून उभी आहे. एके काळी येथला कागद आणि येथल्या पगड्या दूरदूरच्या बाजारांत जात. अशा बाजाराच्या गावी मापाला फार महत्त्व असते. हात, गज, शेर, तोळा ह्यांवर सारा व्यवहार चालतो, आणि मापात खोट आली की पत गेली. इंग्रजी अमदानीत ह्याच मापाला एक निराळेच काम लागले. एका माणसाने एका वनस्पतीचा किती भाग जवळ बाळगावा, हे ते ठरवू लागले. वनस्पती म्हणजे गांजा, भांग आणि चरस ज्या एकाच झाडापासून निघतात ते झाड.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली तो सालिना पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने त्यांजकडे गेला आणि पुढल्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला. ह्या साऱ्या घालमेलीत अबकारी खाते मात्र स्थिर राहिले. त्याची रीत साधारणपणे सर्वत्र एकच होती. पीक काढावयाचे तर परवाना, माल साठवावयाचा तर सरकारी कोठार, कोठारातून उचलावयाचा तर शेरामागे कर आणि किरकोळ विकावयाचा तर पुन्हा परवाना. तो बहुधा लिलावात जास्त बोली करणाऱ्यास मिळे. शेवटची कडी गिऱ्हाइकाची. त्याने ठराविक तोळ्यांहून अधिक माल जवळ ठेवला की तो गुन्हेगार ठरे. मग झडती, पंचनामा आणि दंड. मध्य प्रांतातील गांजाचे पीक निमाडात, खांडव्याच्या आसपास, सरकारी देखरेखीखाली निघे. बंगालच्या राजशाही जिल्ह्यात नौगाव येथे तसाच एक गांजामहाल होता, आणि तेथल्या शेतकऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्थाही काढली होती. सहकाराच्या इतिहासात गांजाचे नाव यावे ह्याचे आज नवल वाटेल, पण त्या काळी त्यात काही गैर नव्हते. आमचे इतिहासकार मात्र ह्या प्रकरणाला जरा लाजूनच बाजूस सारतात.

आता वैद्याची गोष्ट निराळी. आयुर्वेदात ह्या वनस्पतीचे नाव विजया. शार्ङ्गधराच्या आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ग्रंथांत तिचे गुणदोष दिलेले आहेत. जातिफलादि चूर्णासारख्या योगांत ती पडते. अतिसार, अग्निमांद्य, निद्रानाश ह्यांवर तिची योजना होते. वैद्याचे माप गुंजेचे आणि माशाचे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात शहाण्णव गुंजा. सरकारचे माप गिऱ्हाइकाकडे पाहून बेतलेले होते, वैद्याचे रोग्याकडे पाहून. ही दोन मापे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि सारी अडचण येथूनच सुरू होते.

हिशेब करून पाहावा. समजा, एका रोग्यास दिवसाकाठी चार गुंजा औषध लागते. त्यास एक तोळा चोवीस दिवस पुरेल, आणि पाच तोळ्यांची मर्यादा असली तरी त्याचे चार महिने निभावतील. त्याला कायद्याची भीती नाही. पण हेच औषध देणारा वैद्य वीस रोगी सांभाळीत असला, तर त्याला त्या चोवीस दिवसांत वीस तोळे लागतात. पाच तोळे सहा दिवसांतच संपतात. वैद्याने गिऱ्हाईक म्हणून माल घेतला तर तो मर्यादा ओलांडतो, आणि विक्रेता म्हणून घ्यावा तर त्याला लिलावाच्या दुकानदाराचा परवाना हवा. तो रोगीही नव्हे, दुकानदारही नव्हे. कायद्याच्या दृष्टीने माणूस एक तर घेणारा असावा, नाही तर विकणारा. दुसऱ्यासाठी जवळ बाळगणारा असा तिसरा प्रकार नीट ओळखण्यास कायद्यास फार वेळ लागला, आणि तो अद्यापही पुरता ओळखला आहे असे म्हणवत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात ह्या औषधाचा प्रवेश हिंदुस्थानातूनच झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी ह्याने १८३९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे ह्याच गृहस्थाने ह्या देशात तारायंत्र उभारले. संधिवात, धनुर्वात, पटकी आणि तान्ह्या मुलांचे झटके ह्यांवर त्याने गांजाचा अर्क वापरून पाहिला. झटक्यांवरच्या त्या प्रयोगास पावणेदोनशे वर्षे उलटल्यावर, २०१८ साली, अमेरिकेने ह्याच वनस्पतीतून काढलेले एक औषध मुलांच्या दोन अतिकठीण अपस्मारांसाठी मान्य केले. अर्काची ताकद दर वेळी सारखी ठेवता येत नाही, ही डॉक्टरांची जुनी तक्रार होती. तीमुळेच हे औषध पुढे मागे पडले, आणि अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातून ते १९४२ साली गळले.

१८९३ च्या मार्चमध्ये पार्लमेंटात केन नावाच्या मद्यपाननिषेधवादी सभासदाने गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यावरून हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी एक चौकशी मंडळ नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते : ताहिरपूरचे राजे शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. मंडळाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. त्यांत सरकारी अंमलदार होते, डॉक्टर होते, वैद्य-हकीम होते, मिशनरी होते आणि बैरागीही. मंडळाचा अहवाल १८९४ साली तयार झाला. तो वाचणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या सबुरीचे. वेड्यांच्या इस्पितळांतील ज्या नोंदींवरून गांजाने वेड लागते असे सर्रास म्हटले जाई, त्या मंडळाने एकेक करून तपासल्या, आणि पुष्कळ ठिकाणी कारण माहीत नसले की कारकून सरळ 'गांजा' असे लिहून मोकळा होत असे, असे निघाले. मित सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा बहुमताचा निर्णय पडला. सरसकट बंदी नको. पिकावर नियंत्रण, कर, मोजकी दुकाने आणि जवळ बाळगण्यास मर्यादा हाच मार्ग योग्य, अशी शिफारस झाली. राजे शशिशेखरेश्वर आणि लाला निहालचंद ह्यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले. बंदी नको म्हणणारे बहुतेक साहेब आणि हवी म्हणणारे दोघेही हिंदी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साहेबांच्या सबुरीत तिजोरीचा विचार मुळीच नव्हता, असे मानण्याइतके भोळे कोणी नसावे.

तथापि ह्या पद्धतीचा एक गुण मान्य करावा लागेल. तीत भीती होती, पण ती मोजकी होती. चूक झाल्यास काय होईल, हे बाजारातल्या माणसास ठाऊक असे.

पुढे वारे बदलले. १९३० साली धोक्याच्या औषधांचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली अफूविषयी अखिल भारतीय परिषद भरली आणि औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले. त्या काळात व्यसनी माणसाचे नाव नोंदून त्यास ठराविक अफू देण्याचा परवाना मिळे. त्याच १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. १९५६ साली विदर्भ त्या राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदा वऱ्हाडासही लागू झाला. ह्या कायद्याच्या व्याख्येत भांगही येते. म्हणून १९८५ च्या केंद्रीय कायद्याने नुसते पान गांजाच्या व्याख्येतून वगळले असले, तरी बाळापूरच्या वैद्यास त्याचा लाभ होत नाही. केंद्राने सोडले ते राज्याने धरले आहे.

हा १९८५ चा कायदा १४ नोव्हेंबर रोजी अमलात आला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा औषधेतर वापर थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली होती, ती संपत आली होती. कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांना स्पष्ट सूट आहे. कागदावर रोग्याचा हक्क शाबूत होता. पण कित्येक गुन्ह्यांस किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड ठेवलेला होता, आणि न्यायाधीशासही त्याखाली उतरण्याची मुभा नव्हती. २००१ साली अल्प, मध्यम आणि व्यापारी असे प्रमाणाचे भेद आले. गांजाची अल्प मात्रा एक किलो आणि व्यापारी मात्रा वीस किलो ठरली, आणि शिक्षा त्या मानाने आखल्या गेल्या. मधल्या सोळा वर्षांत जे व्हावयाचे ते होऊन गेले होते.

काय झाले ते मॉर्फिनच्या हिशेबावरून दिसते. मॉर्फिन गांजापासून नव्हे, अफूपासून निघते. पण कायदा तोच, आणि भीतीही तीच. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील वेदनेवर ह्या औषधाइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. अफूचे पीक काढून ती परदेशी पाठविणारा हा देश. तरी येथील मॉर्फिनचा वैद्यकीय खप १९८५ नंतर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली अवघ्या १८ किलोंवर आला. औषध कोणी बंद केले नव्हते. ते ठेवावयाचे तर अबकारी खात्याचे, औषध नियंत्रकाचे आणि आणखी कोणाकोणाचे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. त्यांतला एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत टळे. एका गोळीचा हिशेब चुकला तर दहा वर्षे, हे ऐकल्यावर औषधविक्रेत्यांनी ते ठेवणेच सोडले. इस्पितळांनी सोडले. पुढे तर ते लिहून कसे द्यावे, हेच न शिकलेली डॉक्टरांची एक पिढी बाहेर पडली. मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. अंतकाळच्या रोग्यांसाठी काढलेली ती देशातील पहिली संस्था. ज्या वर्षी ती निघाली, नेमके त्याच सुमारास तिला लागणारे औषध दुर्मिळ होऊ लागले होते.

परदेशात ह्या प्रश्नाचे जे उत्तर शोधले गेले, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानाने १९९६ साली मतदाराच्या कौलाने रोग्यास आणि त्याच्या सांभाळकर्त्यास गांजा बाळगण्याची मोकळीक दिली. मिशिगन संस्थानाने २००८ साली आकडेच ठरविले. एका सांभाळकर्त्याने पाचांहून अधिक रोगी घेऊ नयेत आणि प्रत्येक रोग्यामागे बारांहून अधिक झाडे लावू नयेत. बाळापूरच्या वैद्यास जी जागा आपल्या कायद्यात सापडत नव्हती, ती तेथे लेखी मिळाली. पण भीती गेली नाही. जवळ ओळखपत्र आहे एवढ्याने भागत नाही, बाकीच्या अटीही पाळल्याचे सिद्ध करावे लागते, असे तेथील वरिष्ठ न्यायालयाने २०१५ साली ठरविले. वाळत असलेला माल वजनात धरावा की नाही, सहावा रोगी दारी आला तर त्यास परत पाठवावे की काय, असे प्रश्न तेथील सांभाळकर्त्यास पडत राहतात. पाच हा आकडा दयेने ठरला की संशयाने, हे सांगणे कठीण आहे, दोन्ही असावेत.

आपल्याकडे असे आकडे अगदीच नाहीत असे नव्हे. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांपुरते १९८५ च्या नियमावलीतील ६६ व्या नियमात ते आहेत : एका माणसाने एका वेळी १०० मात्रांपर्यंत औषध जवळ ठेवावे, आणि दीर्घ मुदतीसाठी डॉक्टरने स्पष्ट लिहून दिले असल्यास ३०० पर्यंत. हा आकडा रोग्यापुरता आहे. अनेक रोगी सांभाळणाऱ्यासाठी वाट निघाली ती २०१४ च्या दुरुस्तीने. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन आदी सहा औषधे अत्यावश्यक ठरविण्यात आली, त्यांचे नियम राज्यांऐवजी केंद्राकडे गेले, आणि परवान्यांच्या गर्दीऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. रोग्यांच्या संख्येवर बंधन नाही; बंधन आहे ते नोंदीवर आणि शिकलेल्या डॉक्टरवर. सांभाळकर्त्यास किती माणसे झेपतील हे मोजण्यापेक्षा त्याची वही तपासावी, हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा दिसतो.

गांजाच्या वाट्यास मात्र ही सोय आलेली नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने त्यास सर्वांत कडक यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचे मत काढण्याच्या बाजूने पडले. तरी अत्यावश्यक ठरलेल्या सहा औषधांत त्याचे नाव नाही. विजयायुक्त औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे, असे औषधनियमांतील विषारी द्रव्यांची यादी सांगते, आणि ते बनविणाऱ्यास पानासाठी राज्याच्या परवान्याकडे पाहावे लागते.

बाळापूरहून अकोला हमरस्त्याने पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेथे २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. वेदनेने तळमळणाऱ्या रोग्याच्या घरचा माणूस गोळ्या आणावयास निघतो, तेव्हा चिठ्ठीवर मात्रांचा आकडा असतो, तो आकडा इस्पितळाच्या वहीत चढतो, आणि उरलेल्या गोळ्यांची बेरीज त्याच दिवशी जुळावी लागते. ती जुळविण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही.