नौसैनिकांची सागरी तैनाती व मानसिक आरोग्य

युद्धनौकेवर महिनोन्‌महिने राहिल्याने नौसैनिकांच्या मनावर होणारे परिणाम. निद्रानाश, चिडचिड, चिंता, नैराश्य, मद्यपान आणि आघातोत्तर तणाव विकार ही त्यांची नेहमीची रूपे. लढाईचा धसका हे त्यामागचे एक कारण. अपुरी झोप, घराचा दुरावा आणि परतीच्या तारखेची अनिश्चिती ही तितकीच खरी, पण कमी बोलली जाणारी कारणे. अमेरिकी नौदलाच्या अलीकडच्या इतिहासात ती ठळक दिसतात.

‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका एप्रिल २०१९ मध्ये निघाली, ती २९५ दिवसांनी परतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या ‘आयझेनहॉवर’ची मुदत दोनदा वाढली. लाल समुद्रात येमेनमधील हूती बंडखोरांची क्षेपणास्त्रे व ड्रोन यांना तोंड देत ती नऊ महिने बाहेर होती. मुदत वाढली की घरी ठरलेले लग्न, बाळंतपण, मुलाचा वाढदिवस सारेच हुकते, आणि पुढच्या तारखेवर विश्वास उरत नाही.

झोपेचा प्रश्न वॉचच्या, म्हणजे जहाजावरील पहाऱ्याच्या, पाळ्यांशी जोडलेला आहे. पाच तास वॉच आणि दहा तास मोकळे अशा चक्रात झोपेची वेळ रोज सरकते. मोकळे तासही दुरुस्ती व कवायतींत जातात. २०१७ मध्ये ‘फिट्झजेराल्ड’ आणि ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकांच्या व्यापारी जहाजांशी टकरी होऊन अनुक्रमे ७ व १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर खलाशांचा थकवा गांभीर्याने घेतला गेला आणि शरीराच्या नैसर्गिक लयीनुसार पाळ्या लावण्याचा आदेश निघाला. त्यासाठी सतरा जीव जावे लागले, हे विसरता येत नाही.

जहाज बंदरात आले म्हणजे ताण संपला, असे मात्र नाही. न्यूपोर्ट न्यूज येथील गोदीत ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या विमानवाहू नौकेची दुरुस्ती २०१७ पासून जवळजवळ सहा वर्षे चालली. एप्रिल २०२२ मध्ये आठवडाभरात तिच्यावर नेमलेल्या तिघांनी आत्महत्या केली. शेकडो खलाशी त्या धूळ-गोंगाटातच राहत होते. त्यानंतर अनेकांची सोय जहाजाबाहेर झाली.

मदत मागितली तर बढती किंवा गोपनीय कामाची परवानगी जाईल, ही भीती जुनी आहे. २०२१ च्या ‘ब्रँडन कायद्या’ने कारण न सांगता वरिष्ठांमार्फत मानसिक तपासणी मागण्याची सोय केली, नौदलात ती २०२३ मध्ये लागू झाली.