प्रीतीची हद्द

माझ्या एका मित्राचं लग्न ठरतंय. मुलगी ख्रिश्चन, हा हिंदू. परवा त्याच्या आईने विचारलं, "प्रेम आहे ना, मग कुणीच धर्म कशाला बदलायचा?" आम्ही सगळे इंजिनियर गप्प! मला मात्र नगरचे टिळक आठवले. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण त्यांना शाळेत 'फुलांमुलांचे कवी' म्हणून दोन मार्कांपुरते ओळखतो.

आधी शब्दाबद्दल थोडं. बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये प्रेमासाठी 'अगापे' हा शब्द येतो. मराठी बायबलने त्याला 'प्रीती' म्हटलं. आपल्या डोक्यात प्रीती म्हटलं की सिनेमातलं गाणं. इथे अर्थ वेगळा आहे: समोरच्याची लायकी न बघता, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेलं प्रेम. अगदी शत्रूवरसुद्धा.

टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हललेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता!

आणि बायको कोण? लक्ष्मीबाई. आजोबा १८५७ च्या धामधुमीत फाशी गेलेले, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. त्या घरात वाढलेल्या मुलीवर ही बातमी कशी कोसळली असेल? शत्रूवरही प्रेम करायला निघालेल्या माणसाने घरातल्याच माणसाला विश्वासात घेतलं नव्हतं. माझ्या मते प्रीतीची पहिली हद्द इथेच दिसते. जगावर प्रेम करणं सोपं असतं, कारण जग रात्री घरी रडत बसत नाही.

पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. इथे एक कायदा माहीत असायला हवा. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी तो रस्ता धरला नाही. ते थांबले.

मग लक्ष्मीबाई नगरला आल्या. (आता अहिल्यानगर, पण जीभ अजून 'नगर'च म्हणते.) इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं. नवरा ख्रिस्ती, आणि हिचं सोवळं, हिचा स्वयंपाक वेगळा. जातीचा पीळ सुटला तो कुणाच्या प्रवचनाने नाही. स्वतःच विचार करता करता, हा भेद माणसाने केलाय, देवाने नाही, असं त्यांना वाटू लागलं. कुणाच्याही हातचं खायचं हे आधी ठरलं, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ही सगळी हकीकत 'स्मृतिचित्रे'त आहे. वाचली नसेल तर खरंच वाचा, हसवते आणि रडवते.

टिळकही बहुधा यातून शिकले. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण घरातलं त्यांचं स्थान त्यामुळे कमी झालं नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले.

म्हणजे १८९५ मध्ये घरच्या माणसालाही न विचारणारा माणूस १९१७ मध्ये बाहेरच्यालाही अट घालत नव्हता. मधली बावीस वर्षं त्यांनी कुणाबरोबर काढली, हे वेगळं सांगायला नको. त्यांचं श्रेय जितकं टिळकांना, तितकंच लक्ष्मीबाईंना द्यायला हवं. हिशेब करायचा तर किंमत आधी तिने मोजली.

असो. मित्राच्या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही. त्याला एवढंच सांगितलं, जे काही ठरवशील ते आधी घरी सांग, आणि मग थांबायची तयारी ठेव.

तो म्हणाला, "किती दिवस?"

टिळक पाच वर्षं थांबले होते.