दूरचित्रवाणीवाचून

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासविषयक एखादा लेख असावा अशी संपादक-भगिनींची इच्छा होती, आणि तो मीच लिहावा असा त्यांचा आग्रह पडला. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राजे येतात. परंतु जिने आपल्या स्वयंपाकाच्या वेळा बदलल्या, मुलांच्या अभ्यासाच्या वेळा बदलल्या, किंबहुना आपल्या मंडळाच्या सभेची वेळसुद्धा बदलावयास लावली, त्या वस्तूलाही इतिहास असतोच. ती वस्तू म्हणजे दूरचित्रवाणी. आमच्या घरात ती नाही हे वाडीत सर्वांस ठाऊक आहे. “तुम्हांला टीव्ही परवडत नाही, की पटत नाही?” असा प्रश्न मला गेल्या चाळीस वर्षांत किती जणींनी विचारला असेल, त्याची गणतीच नाही. त्या प्रश्नाचे उत्तर या निमित्ताने जरा विस्ताराने द्यावे असे मनात आले.

प्रथम ही वस्तू आपल्याकडे कशी आली ते पाहू. भारतात दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. मुंबई केंद्र सुरू व्हावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साह्याने एक मोठा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. आपले राज्य त्यांत नव्हते. त्या खेड्यांत संच घरोघर नव्हते, साऱ्या गावाला मिळून एक असे. सकाळी शाळकरी मुलांनी पाहावे, संध्याकाळी मोठ्यांनी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांविषयी पाहावे आणि मग संच बंद व्हावा, अशी ती व्यवस्था होती.

ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे दूरचित्रवाणी आली ती वेळ ठरवून आणि चारचौघांत बसून पाहण्याची वस्तू म्हणून आली. मुंबईकर भगिनींना ‘गजरा’ आणि ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम आठवत असतील. ज्या घरी संच असे त्या घरी सारा मजला जमे. वेळ संपली की पडदा विझे आणि मंडळी आपापल्या घरी जेवावयास जात. १९८२ साली दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि संच भराभर वाढले. १९८४ च्या जुलैपासून ‘हम लोग’ लागू लागले. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रस्ते कसे ओस पडत हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. तरीसुद्धा तोवर दूरचित्रवाणीला दाराबाहेर थांबण्याची रीत ठाऊक होती. १९९२ च्या सुमारास केबलच्या तारा गच्चीवरून खाली उतरल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात झी ही हिंदी वाहिनी सुरू झाली आणि १९९९ साली अल्फा मराठी आली. त्यानंतर मात्र पडदा विझण्याची वेळच उरली नाही.

आता आमच्या घराविषयी. आम्ही या वाडीत १९८० साली बिऱ्हाड केले. खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत मामंजी रोज सहा ते साडेआठ शिकवण्या घेत. आशियाई स्पर्धांच्या वेळी शेजारी संच आले, तेव्हा आपणही घ्यावा का अशी बोलणी आमच्याकडे झाली. पण पाटीपुस्तक घेऊन बसलेल्या वीस मुलांच्या मध्ये तो ठेवणार कोठे? तेव्हा आमचा निर्णय तत्त्वाचा नव्हता, जागेचा होता. १९९१ साली मामंजी वारले, शिकवण्या थांबल्या आणि पुढल्या वर्षी वाडीत केबल आली. आता जागा होती आणि यांच्या पगारात संच बसतही होता. त्या वेळी मात्र आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन्ही मुले अशी सर्वांनी बसून चर्चा केली. संध्याकाळच्या वेळी घरात बोलण्याची, वाचण्याची, पत्ते खेळण्याची सवय पडली होती. ती मोडू नये असे चौघांचे मत पडले. पाचवे मत मुलाचे. तो आठ वर्षांचा होता आणि त्याला क्रिकेट पाहावयाचे होते.

या गोष्टीचे फायदे सांगणारे लेख पुष्कळ निघतात, म्हणून मी त्याची किंमत आधी सांगते. शाळेत मुले आदल्या दिवशी पाहिलेल्या कार्यक्रमाविषयी बोलत, तेव्हा माझी मुलगी गप्प बसे. क्रिकेटचा सामना असला की मुलगा शेजारच्या दारात उभा राहून “काकू, येऊ का?” असे विचारी. काकू प्रेमाने आत घेत, त्यात काही कमी पडले नाही. पण दुसऱ्याच्या दारात रोज उभे राहणे आणि आपल्या घरात बसून पाहणे यांतला फरक लहान मुलालाही कळतो. रामायण तर आम्ही सर्वांनी शेजाऱ्यांकडेच पाहिले. म्हणजे खरे पाहता दूरचित्रवाणीवाचून राहणारे घर शेजाऱ्यांच्या दूरचित्रवाणीच्या आधारानेच राहत होते. शिवाय हा निर्णय सर्वांनी मिळून घेतला असला, तरी तो रोजच्या रोज निभावण्याचे काम घरातील बाईकडेच येते. मुले कंटाळली, पाहुणे आले, पाऊस लागून राहिला, की “आता काय करायचे?” या प्रश्नाचे उत्तर तिलाच शोधावे लागते.

दूरचित्रवाणी नसणे म्हणजे आपोआप काही पुण्य, असेही मला वाटत नाही. याचे उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तो देश सधन होता, यंत्रविद्येत मागासलेला नव्हता. तरी तेथील गोऱ्यांच्या सरकारने देशभर दूरचित्रवाणी सुरू केली ती थेट जानेवारी १९७६ मध्ये. तेथील डाक-तार खात्याचे मंत्री आल्बर्ट हर्टझॉग हे तिचे कट्टर विरोधक होते. परदेशी, विशेषतः इंग्रजी कार्यक्रमांमुळे आफ्रिकान्स भाषेला धक्का बसेल आणि वर्णभेदावर उभारलेली समाजरचना ढिली होईल, अशी त्या पक्षाला धास्ती होती. जुलै १९६९ मध्ये माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, ते दृश्य जगातील कोट्यवधी लोकांनी घरबसल्या पाहिले; दक्षिण आफ्रिकेतील लोकांना मात्र ते घरी पाहता आले नाही. लोकांनी जग पाहू नये म्हणून सरकारने घातलेली ती बंदी होती. अशा बंदीला संयम हे नाव देता येत नाही. ज्याला निवड करण्याची मुभाच नाही त्याने काही सोडले असे कसे म्हणावे?

याच्या उलट उदाहरण उत्तरेकडील आइसलँड या लहानशा बेटाचे. १९६६ साली त्या देशाची लोकसंख्या दोन लाखही भरत नव्हती. तेथे अमेरिकन लष्कराचा तळ होता आणि त्या तळावरचे दूरचित्रवाणी केंद्र १९५५ पासून चालू होते. त्याचे इंग्रजी कार्यक्रम राजधानीतील घराघरांतून दिसू लागले, तेव्हा १९६४ साली साठ नामवंत नागरिकांनी तेथील संसदेकडे लेखी मागणी केली की, हे प्रक्षेपण तळापुरतेच ठेवावे. आपली भाषा बोलणारे लोक मूठभर, ती भाषा परक्या पडद्यापुढे टिकेल कशी, ही त्यांची काळजी होती. भाषेची काळजी आफ्रिकेतही बोलली गेली होती. पण येथे ती नागरिकांनी आपल्या नावाने आणि उघड चर्चेसाठी मांडली होती. पुढे ३० सप्टेंबर १९६६ रोजी आइसलँडचे स्वतःचे केंद्र सुरू झाले.

या केंद्राची रीत मोठी गमतीची होती. आठवड्यातून एक दिवस, दर गुरुवारी, दूरचित्रवाणी बंद! आणि संबंध जुलै महिनाही बंद! केंद्रातील माणसे थोडी, त्यांना विश्रांती आणि सुटी मिळावी हा त्यामागचा साधा व्यावहारिक हेतू. उत्तरेकडील तो उन्हाळ्याचा महिना. रात्री उशिरापर्यंत उजेड, तेव्हा लोकही बाहेरच असावयाचे. जुलैची सुटी १९८३ पर्यंत चालली आणि गुरुवारची १९८७ पर्यंत. १९८६ साली एक खाजगी वाहिनी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९८७ रोजी, सरकारी केंद्राने गुरुवारीही कार्यक्रम दाखविण्यास सुरुवात केली. एकाने दुकान उघडे ठेवले म्हणजे शेजारच्याला बंद ठेवणे कठीण जाते, तसाच हा प्रकार. परंतु सुमारे वीस वर्षे त्या देशातील मुलांच्या वाट्याला गुरुवारची मोकळी संध्याकाळ आली, आणि शुक्रवारी शाळेत कोणत्याही मुलीला गप्प बसावे लागले नाही. कारण कोणीच काही पाहिलेले नव्हते.

हे वाचले तेव्हा मला माझ्या घरातील ओझ्याचे कारण उमगले. एकट्या घराने सोडलेली गोष्ट जड लागते. सर्वांनी मिळून, ठरावीक वेळेपुरती सोडलेली तीच गोष्ट हलकी होते.

आणि हे पाहण्यासाठी इतके दूर जावयास नको. आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि मुलांच्या हाती शिक्षणासाठी मोबाइल आले. शाळा उघडल्या तरी ते हातचे सुटेनात. घरी आल्यावर मुले एक तर मोबाइलपुढे नाही तर टीव्हीपुढे, अशी शिक्षकांची तक्रार होती. तेव्हा १९२२ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, त्या गावाने ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवावयाचा आणि साडेआठपर्यंत साऱ्या गावाने टीव्ही व मोबाइल बंद ठेवावयाचे. पुरुषमंडळींनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. मग ग्रामपंचायतीने गावातील स्त्रियांची सभा बोलावली. मालिकांचे वेड आपल्यालाही लागू लागले आहे, हे स्त्रियांनीच मोकळेपणाने सांगितले आणि भोंग्याचा निर्णय त्या सभेत झाला. पुढे आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दीड तासात मुलांनी वाचावे, लिहावे, मोठ्यांनी बोलावे, एवढाच हेतू. कोणाचा संच फोडला नाही की कोणाला पापी ठरविले नाही. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ज्याला पाहावयाचे त्याने खुशाल पाहावे.

भगिनींनो, येथे सासूबाईंची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र अपुरे राहील. २००३ साली त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांनी आयुष्यभर आषाढी केली होती. त्या वर्षी त्या मला म्हणाल्या, “अगं, मला एकदा वारी तरी बघू दे.” आम्ही धाकट्या दिरांकडचा जुना संच आणून त्यांच्या पायथ्याशी ठेवला. त्यांनी पडद्यावर पालख्या पाहिल्या, हात जोडले. पुढे आठ महिने तो संच त्यांच्या सोबतीला होता. दुपारी मी कामात असे, तेव्हा त्या खोलीत माणसाचा आवाज राही. त्या गेल्यावर आम्ही तो गरजू कुटुंबास देऊन टाकला. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, ज्यांच्याशी बोलावयास कोणी नाही, त्यांच्यासाठी हा पडदा सोबत आहे, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून कोणा वृद्धेने किंवा एकट्या बाईने टीव्ही बंद करावा असे मी कधीही म्हणणार नाही. म्हणावयाचेच तर आपण एवढे म्हणू या की, तिच्याकडे जाण्यासाठी आपण आपला थोडा वेळ बंद करावा.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. जुन्या सभासदांना आठवत असेल की आपली साप्ताहिक सभा पूर्वी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता भरत असे. मालिकांच्या वेळेशी गाठ पडू लागली, उपस्थिती रोडावली, म्हणून ती दुपारी तीनला नेण्यात आली. त्या वेळी ते सोयीचेच वाटले. परंतु नोकरी करणाऱ्या भगिनी दुपारी येऊ शकत नाहीत. आपल्या सुना-लेकी मंडळात येत नाहीत म्हणून आपण खंत करतो; पण त्या घरी परततात त्या वेळी आपण पडद्यापुढे असतो, आणि आपण मोकळ्या असतो त्या वेळी त्या कचेरीत असतात. दोन पिढ्यांची भेट व्हावयाची कोठे? शिवाय आता पडदा भिंतीवर राहिला नाही, तो प्रत्येकीच्या हातात आला आहे. माझ्याही हातात आहे. नातवाचे फोटो मी त्यावरच पाहते. तेव्हा “आमच्याकडे टीव्ही नाही” हे वाक्य पूर्वीसारखे मिरविण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक नम्र सूचना ठेवते. गुरुवारची सभा पुन्हा संध्याकाळी सातला आणावी. सात ते साडेआठ, आठवड्यातून एकच दिवस. भोंग्याची गरज नाही, मंडळाच्या दारातील घंटा पुरे. त्या वेळात ज्यांना शक्य आहे त्या घरांनी पडदे बंद ठेवावे, मुलांनाही बरोबर आणावे, आणि ज्या भगिनींना जिना उतरवत नाही त्यांच्याकडे दोघीदोघींनी पाळीपाळीने जाऊन बसावे. त्या टीव्ही पाहत असल्या तर त्यांच्याबरोबर पाहावा. हा निर्णय कोणा एकीच्या घरावर ओझे म्हणून पडू नये. आपण तो मिळून घ्यावा आणि मिळून निभवावा.

मंडळाने इतकी वर्षे आपल्याला घराबाहेर पडावयास आणि एकमेकींशी बोलावयास शिकविले. ते बोलणे असेच चालू राहो, आणि मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, अशी प्रार्थना करून मी हा लेख पुरा करते.